पिशवीतली बीसीजी: औषध पहिल्या नंबरचं, घरी पाठवणी कच्ची

मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली, बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘हाय ग्रेड’, म्हणजे आक्रमक जातीचा कर्करोग, असं आलं आणि डॉक्टर म्हणाले, ‘आता सहा आठवडे पिशवीत बीसीजी सोडायची.’ यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बीसीजी म्हणजे ती तान्ह्या बाळाच्या दंडावरची? टीबीची लस? हो, जात तीच. पण बाळाला ०.०५ मिली टोचतात, आणि इथं ५० मिली सलाइनमध्ये कोट्यवधी जिवंत जीवाणू कालवून ते थेट लघवीच्या पिशवीत सोडतात. म्हणून सरकारी दवाखान्यातली बाळांची कुपी इथं चालत नाही. ही कुपी वेगळी येते.

आमचे गुण आधीच सांगून टाकतो. औषधाला पाचपैकी साडेचार. ते दिल्यावर पेशंटला घरी पाठवायच्या पद्धतीला पाचपैकी दोन, आणि ही तक्रार एकट्या कोल्हापूरची नाही. नळी घालण्याचं काम बहुतेक ठिकाणी नीट होतं. गडबड होते ती त्यानंतर, पेशंट गडहिंग्लज किंवा राधानगरीला घरी पोचल्यावर. रात्री ताप चढतो, गल्लीतल्या डॉक्टरना पिशवीत काय सोडलंय ते माहीत नसतं, आणि फाईलमध्ये सापडते फक्त पावती.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं सगळं आपोआप कळतं: हे औषध जिवंत आहे. केमोचं औषध पेशी मारतं. बीसीजी स्वतः फारसं काही मारत नाही. ती पिशवीच्या अस्तराला चिकटते, आत शिरते, आणि शरीराचं सैन्य तिच्यावर चाल करून येतं. त्या धुमश्चक्रीत उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. जळजळ, घाई, कणकण हे सगळं त्या चकमकीचं. मात्र उलटं गणित मांडू नका. त्रास झाला नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही, असं नसतं. आणि भयंकर त्रास म्हणजे भयंकर गुण, असंही नसतं.

थोडा इतिहास, कारण तो गमतीचा आहे. पिशवीत बीसीजी सोडण्याचा पहिला अहवाल १९७६ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनच्या अल्वारो मोरालेस यांनी दिला. आठवड्याला एक असे सहा डोस हा आकडा कुठल्या मोठ्या शास्त्रातून आलेला नाही. त्या वेळी कुप्या सहाच्या पाकिटात यायच्या. पुढं डोनाल्ड लॅम यांच्या गटानं २००० मध्ये दाखवलं की सहावर न थांबता ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ व्या महिन्यात तीन-तीन डोस दिले तर गाठ परत येण्याचं प्रमाण घटतं. आजही वेळापत्रक हेच. ‘सहा झाले, सुटलो’ म्हणून पेढे वाटण्याआधी हे विचारून घ्या.

कुपी

आपल्याकडं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ऑन्को-बीसीजी मिळते, ४० मिलिग्रामच्या कुप्यांत. डॉक्टर ८० किंवा १२० लिहितात, म्हणजे एका डोसला दोन किंवा तीन कुप्या. परदेशातल्या नातेवाइकानं ‘आमच्याकडं ५० देतात’ म्हटलं तर गडबडून जाऊ नका. प्रत्येक कंपनीचा वाण वेगळा, एका मिलिग्राममधले जिवंत जीवाणू वेगळे. मिलिग्रामची मिलिग्रामशी तुलना करण्यात अर्थ नाही.

कुपी २ ते ८ अंशांत आणि उजेडापासून लांब हवी. एप्रिलमध्ये राजारामपुरीतून कुपी घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकली आणि वाटेत दोन कामं उरकत दवाखान्यात पोचलात, तर हातात काय उरलं हे सांगता येत नाही. दुकानदाराकडून थर्माकोलचा डबा आणि जेल पॅक मागून घ्या, आणि शक्यतो डोसच्या दिवशीच आणा. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचीच वेळ आली तर मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. दार दर पाच मिनिटाला उघडतं. कालवलेलं औषध दोन तासांत आत गेलं पाहिजे, तोवर ते झाकून ठेवायचं. ‘सिस्टरनी सकाळीच कालवून ठेवलंय, डॉक्टर ओटीत आहेत’ हे ऐकू आलं तर गप्प बसू नका.

नळी घालताना

गाठ काढल्यानंतर किमान दोन आठवडे गेले पाहिजेत. खरवडलेली जागा उघडी असताना जिवंत जीवाणू सोडणं म्हणजे त्यांना रक्ताचा दरवाजा उघडून देणं. त्या दिवशी लघवीत डोळ्यांना दिसेल असं रक्त असेल, लघवीच्या जंतुसंसर्गाची लक्षणं असतील किंवा ताप असेल, तर डोस पुढं ढकलायचा. आठवडाभर उशीर झाल्यानं काही बिघडत नाही, घाईनं बिघडतं.

डोसच्या आधी चार तास पाणी, चहा, ताक काही नको. पिशवी रिकामी राहिली तर औषध पातळ होत नाही आणि दोन तास धरून ठेवायला सोपं जातं. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असाल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची, आणि मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. चार तास उपाशी आणि वर साखरेची गोळी, मग बाकावर चक्कर येते आणि दोष बीसीजीला लागतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

नळी बारीक हवी. जेली बेताची, भरमसाट ओतली तर ती जीवाणूंना बाधते आणि औषधाच्या गुठळ्याही होतात. आधी पिशवीतली सगळी लघवी काढायची, मग औषध आपल्या वजनानं उतरू द्यायचं: सिरिंजचा दट्ट्या काढून ती वर धरायची, बस. दट्ट्या रेटून ढकलणं ही या कामातली सगळ्यांत वाईट सवय. आणि नळी घालताना रक्त आलं तर त्या दिवशी डोस नाही, कितीही लांबून आलेले असा. या उपचारात जे मोजके मृत्यू नोंदले गेले त्यांत जखमी मार्गातून दिलेला डोस हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. इथं ‘आलाच आहात तर देऊन टाकू’ म्हणणारं ठिकाण आमच्या मते बाद.

औषध कालवणाऱ्या सिस्टरच्या हातात ग्लोव्ह्ज, तोंडावर मास्क, अंगावर गाऊन आहे का हेही बघा. सुई टोचली तर त्यांना तिथं बीसीजीचं गळू होऊ शकतं.

मग दोन तास धरून ठेवायचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी कूस बदलायला सांगतात. त्याला पुरावा फार भक्कम नाही, पण तोटाही नाही. चंदगड शंभर किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळं औषध पोटात धरून लगेच एसटी गाठायचा मोह होतो. नका करू. पहिली लघवी दवाखान्यातच व्हायला हवी. खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत दोन तास तग धरणं पैलवानालाही जड जाईल, आणि सांडलं तर सीटवर सांडेल. दीड तासातच अगदी असह्य झालं तर सोडून द्या, डोस वाया गेला असं होत नाही. फक्त किती वेळ धरलं ते लिहून ठेवा.

पहिले दोन दिवस

त्रास साधारण दोन ते चार तासांनी सुरू होतो. लघवीला आग, दर अर्ध्या तासाला घाई, ओटीपोटात कळ, लघवी गुलाबी होणं, कधी तिच्यात चामडीसारखे बारीक तुकडे. बहुतेकांना यातलं काहीतरी होतं. सोबत अंगदुखी, थकवा, कणकण. पहिल्या डोसला काहीच झालं नाही म्हणून दुसऱ्याला निर्धास्त राहू नका. शरीराची ओळख पटली की दुसऱ्या-तिसऱ्या डोसपासून प्रतिसाद वाढतो. साधा त्रास ४८ तासांत, फार तर ७२ तासांत ओसरतो.

औषधांबद्दल. तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकसारखी गोळी उतारा चांगला देते, पण रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर ती किडनीला महाग पडते. आगीसाठी फेनाझोपायरिडिन मिळतं; लघवी केशरी होते, बनियनवर डाग पडतो, घाबरू नका. घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनॅसिन देतात. त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि प्रोस्टेट मोठी असलेल्या माणसाची लघवी अडकू शकते. साठी ओलांडलेल्या पुरुषानं ही गोळी मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं घेऊ नये. लघवी सौम्य करणारं गोड सायट्रेटचं औषध बरेच जण बाटलीनं पितात. थोडा आराम पडतो, पण त्यात सोडियम असतं. बीपी आणि हृदयविकारवाल्यांनी बेतानं.

खाण्यावर बंदी कशाचीच नाही. तरी तिखट, चहा-कॉफी यांनी चिडलेली पिशवी आणखी चिडते, तेव्हा तांबडा रस्सा दोन दिवस थांबला तर बरं. पांढऱ्यावर भागवा. पाणी मात्र पहिली लघवी झाल्यावर भरपूर.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. तिसऱ्या दिवशी आग थांबली नाही म्हणून घराजवळ लघवी तपासतात. रिपोर्टवर ‘पस सेल्स भरपूर’ येतं आणि लगेच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन सुरू होतं. बीसीजीनंतर पस सेल्स वाढणारच, ते सैन्य तेच आहे. जंतुसंसर्ग आहे की नाही हे कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, सांगतं; पस सेल्स नाही. आणि नेमकी ही फ्लॉक्सासिन मंडळी बीसीजीलाही मारतात, जेंटामायसिनही. म्हणजे हजारो रुपयांचं जिवंत औषध सोडायचं आणि दहा रुपयांच्या गोळीनं त्याची धार घालवायची. कल्चरमध्ये खरोखर जंतू वाढले, किंवा युरॉलॉजिस्टनी विचार करून लिहिलं, तर अँटिबायोटिक जरूर घ्यायचं. सवयीनं नाही.

संडासातलं काम

पहिले सहा तास प्रत्येक लघवीत जिवंत जीवाणू बाहेर पडतात. पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, शिंतोडे उडू नयेत म्हणून. मग लघवीइतकंच घरगुती ब्लीच भांड्यात ओतायचं, झाकण लावून १५ ते २० मिनिटं थांबायचं, आणि मग पाणी. देशी भांडं असेल तर वरून प्लास्टिकचा पाट ठेवला तरी चालतो. हात साबणानं, बायकांनी अंगही नीट धुवायचं. कपड्यावर सांडलं तर ते वेगळे धुवायचे.

इथं एक सूचना कुठल्याच छापील कागदावर आम्हाला पुरेशी ठळक दिसली नाही. आपल्याकडं संडास अ‍ॅसिडच्या क्लीनरनं घासतात. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत दमेकऱ्याला तो दवाखाना दाखवू शकतो. डोसच्या दिवशी अ‍ॅसिड-क्लीनर कपाटात, खिडकी उघडी. ब्लीच आणि लघवीचाही वास उग्रच येतो, तेव्हा ओतून बाहेर या, वर वाकून बघत बसू नका. चाळीत सामायिक संडास असेल तर दवाखान्यातच तास-दोन तास जास्त थांबणं सोयीचं.

शरीरसंबंध दोन दिवस नको, आणि उपचाराच्या आठवड्यांत निरोध वापरायचा.

ताप: इथं चालढकल नको

थर्मामीटर घरात हवाच, हात लावून अंदाज नको. कणकण ते १०१ पर्यंतचा ताप, दुसऱ्या दिवशी उतरणारा, पॅरासिटामॉलवर सोडता येतो. १०१.३ च्या वर जाऊन २४ तास टिकला तर फोन. ४८ तास झाले तर फोन नाही, प्रत्यक्ष जायचं. आणि १०३ च्या वर गेला, दात वाजवणारी थंडी भरली, बीपी पडलं, माणूस बरळायला लागला, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात. सकाळची एसटी बघायची नाही. जीवाणू रक्तात उतरल्याची ही खूण असू शकते. तिथं टीबीची औषधं, सोबत इतर अँटिबायोटिक आणि अनेकदा स्टेरॉइड लागतात, आणि त्यानंतर बीसीजी कायमची बंद.

हे किती वेळा होतं? १९९२ मध्ये लॅम यांनी २६०२ पेशंटांचा हिशेब मांडला होता. जोराचा ताप २.९ टक्के, लघवीतून ठळक रक्त १ टक्का, प्रोस्टेटला सूज ०.९, फुप्फुस किंवा यकृताला सूज ०.७, सांधेदुखी ०.५, वृषणाजवळची सूज ०.४, रक्तातला संसर्ग ०.४, पिशवी आक्रसणं ०.२ टक्के. म्हणजे साधा त्रास जवळजवळ सगळ्यांना, गंभीर त्रास शंभरात पाचांच्या आसपास. वाईट औषधाचे हे आकडे नव्हेत. पण त्या पाचांत आपण असलो तर ओळखता आलं पाहिजे.

प्रोस्टेटच्या सुजेनं पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी) वाढतं आणि बोटानं तपासताना ग्रंथी टणक लागते, त्यामुळं दुसऱ्याच कर्करोगाची शंका येते. पीएसए करायला सांगणाऱ्याला बीसीजीचं आधी सांगा. एक वृषण दुखून सुजणं, गुडघा-घोटा सुजून डोळे लाल होणं, सुका खोकला आणि धाप, डोळे पिवळे होणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून आधी दाखवायचं. काही त्रास महिन्यांनी, क्वचित वर्षांनी डोकं वर काढतात: मणक्याचं न थांबणारं दुखणं, रात्रीचा घाम, वजन उतरणं. तोवर बीसीजी सगळे विसरलेले असतात.

टीबीचा गोंधळ

इथं आपल्या देशाची खास अडचण येते. अशा पेशंटची लघवी किंवा गाठीतला पस जीन एक्सपर्ट या टीबीच्या तपासणीला पाठवला तर रिपोर्ट ‘टीबी आढळला’ असा येऊ शकतो, कारण ती तपासणी टीबीचे जंतू आणि बीसीजी यांच्यात फरक करत नाही. मग नेहमीचा चार औषधांचा कोर्स सुरू होतो. त्यातल्या पायराझिनामाइडला बीसीजी जन्मतःच दाद देत नाही. म्हणजे चौथी गोळी फुकट, यकृतावर भार मात्र पुरा. बीसीजीच्या संसर्गाला आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथाम्ब्युटोल ही तीन देतात, त्रासानुसार साधारण तीन ते सहा महिने. उलट, त्रास होऊ नये म्हणून प्रत्येक डोसबरोबर आयसोनियाझिड देण्याची जुनी पद्धत उपयोगाची ठरली नाही.

म्हणून दवाखान्यानं दिलं नाही तरी स्वतः एक कार्ड लिहून पाकिटात ठेवा: ‘मूत्राशयात जिवंत बीसीजी सोडली आहे. शेवटचा डोस अमुक तारखेला, अमुक मिलिग्राम, कंपनी अमुक. ताप असल्यास बीसीजीचा संसर्ग धरून तपासावं. पायराझिनामाइड चालत नाही.’ खाली युरॉलॉजिस्टचा रात्रीचा नंबर. रात्रीचा नंबर देत नसतील तर त्या सेवेचे आमच्याकडून आणखी अर्धा गुण वजा.

कुणाला नको, आणि पुढं काय

चालू टीबी, एचआयव्हीमुळं खालावलेली प्रतिकारशक्ती, मोठ्या डोसचं स्टेरॉइड, अवयव बदलानंतरची औषधं, गरोदरपण: इथं बीसीजी नाही. मॅन्टू टेस्ट (हातावर टोचून करतात ती टीबीची चाचणी) पॉझिटिव्ह येणं हे मात्र एकट्यानं नाकारायचं कारण नाही, आपल्याकडं ती निम्म्या गल्लीची येईल.

त्रास वाढत चालला तर तिथंच सोडून देण्याआधी मधले रस्ते आहेत. डोस आठवडाभर पुढं नेता येतो, काही ठिकाणी एक तृतीयांशावर आणतात. पण मनानंच दर दुसरा डोस गाळू नका; कमी वेळा देऊन बघण्याचा प्रयोग एका मोठ्या चाचणीत नेहमीच्या वेळापत्रकापुढं कमी पडला. बिडी-सिगारेट सुटली नसेल तर मात्र एवढं सगळं करून आपण बादलीला भोक पाडून पाणी भरतोय. तीन महिन्यांनी दुर्बीण घालतात तेव्हा पिशवीत लाल मखमली चट्टे दिसू शकतात. ते बीसीजीचेही असतात आणि कर्करोगाचेही, त्यामुळं तुकडा काढून तपासला तर त्याला अपशकुन समजू नका.

बीसीजी चाललीच नाही आणि पिशवी काढण्याची तयारी नसेल, तर शिरेतून दिलं जाणारं पेम्ब्रोलिझुमॅब हा पर्याय २०२० पासून अमेरिकेत मान्य आहे, तीन आठवड्यांनी एक डोस. तेही प्रतिकारशक्तीवरच चालतं, पण त्याची दुखणी वेगळ्या गावची: लघवीला आग नाही, तर थायरॉइड बिघडणं, जुलाब, पुरळ, फुप्फुसाला सूज. बीसीजीचा त्रास दोन दिवसांत कळतो, याचा कधी कधी काही महिन्यांनी. ते सुरू करण्याआधी थायरॉइडची टीएसएच आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या, आणि आधी बीसीजी झालेली असेल तर ते पाकिटातलं कार्ड या नव्या डॉक्टरांनाही दाखवा.